सहा साध्या खुर्च्या

लाकडी खुर्चीबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नसतं. चार पाय, एक पाठ, बसायला जागा. हे मी आज शहाण्यासारखं म्हणतो. तेविसाव्या वर्षी मात्र मी सहा खुर्च्यांना सहा वेगवेगळी इंग्रजी विशेषणं लावून मोकळा झालो होतो आणि त्यापायी एका म्हाताऱ्या माणसाचे पाच महिने गेले.

माझ्या गाढवपणांची यादी तशी लांब आहे. साहेबांच्या सायकलीत हवा भरून आणायला गेलो आणि सायकल दुकानात विसरून पंप घेऊन आलो, तो त्यातला एक. स्वतःच्याच रजेचा अर्ज मी रद्दीच्या गठ्ठ्यात बांधला आणि आठ दिवस साहेबांच्या नावाने बोटं मोडत बसलो, तो दुसरा. हे किस्से सांगितले की लोक हसतात, मीही हसतो. खुर्च्यांचा किस्सा सांगितला तरी लोक हसतात. मी मात्र तो सांगता सांगता अर्ध्यावर थकतो. आज पुरा सांगून टाकतो.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. पुलगावला एका सरकारी खात्याच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी कारकून होतो. वर टिनाचं छत, त्यामुळे उन्हाळ्यात शाई दौतीतच आटायची. ऑफिसात साहेब, बडेबाबू आणि मी असे तिघेच. साहेब बहुतेक फिरतीवर. बडेबाबू जागेवर असत, पण जागे असतीलच असं नाही. आमचा जिल्हा नुकताच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता. वरच्या ऑफिसांच्या पाट्या बदलल्या, छापील कागद बदलले. खालचं काम होतं तेच राहिलं.

त्या कामात एक काम डेडस्टॉकचं. खात्याच्या मालकीच्या टेबल, खुर्च्या, कंदील, बादल्या दर एप्रिलात मोजायच्या, त्यांची इंग्रजीत यादी करायची आणि वर्ध्याच्या मोठ्या ऑफिसला पाठवायची. यादीत एक रकाना वस्तूच्या नावाचा, एक नगांचा आणि एक वर्णनाचा. वर्णनाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द असे : ऑर्डिनरी, म्हणजे साधं. खुर्च्या ऑर्डिनरी, कंदील ऑर्डिनरी, न्हाणीतला पाट ऑर्डिनरी. कुण्या जुन्या कारकुनाने इंग्रजांच्या वेळी तो लिहिला असणार. पुढच्या प्रत्येकाने तो खाली उतरवला. कोणी वाचायचा नाही. भिंतीतला खिळा कोणी बघतं का? अडकवलेला शर्ट पडला नाही म्हणजे झालं.

बडेबाबूंनी मला तेवढंच सांगितलं होतं. “मागच्या सालची यादी पाह्यजो अन् उतरवून काढजो. डोकं नको लावजो.”

मी डोकं लावलं.

त्याला माझे इंग्रजीचे मास्तर थोडे जबाबदार आहेत. वर्ध्याच्या शाळेत एका उताऱ्यात तेच विशेषण दुसऱ्यांदा आलं की ते बोटांवर रूळ मारत. “भिकाऱ्याकडेसुद्धा दोन वाडगे असतात,” म्हणत. माझ्या बोटांना ते अजून आठवत होतं. त्यात भर म्हणून मी वर्ध्याच्या जुन्या बाजारातून समानार्थी इंग्रजी शब्दांचं एक जाड पुस्तक आणलं होतं. पहिली अठरा पानं फाटलेली, पण माझं अडत नव्हतं. रोज संध्याकाळी मी त्यातले दहा शब्द पाठ करायचो. पाठ झालेले शब्द कुठे वापरावेत हा मात्र प्रश्न होता. आमच्या ऑफिसच्या पत्रांत ‘आपला आज्ञाधारक’ सोडून काही लिहावंच लागत नसे.

यादीतलं बहुतेक सामान नाचणगावच्या रस्त्यावरच्या डाकबंगल्यात होतं. बंगला म्हणजे दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे चौकीदाराची खोली. चौकीदार माझ्या वडिलांच्या वयाचा, उंच, सावळा, कमी बोलणारा. सिंदीजवळच्या एका खेड्यातला. एकोणीस वर्षं तो बंगला सांभाळत होता. दोन वर्षांमागे नागपूरला जाऊन त्याने आणि त्याच्या घरच्या सगळ्यांनी दीक्षा घेतली होती. तेव्हापासून तो साहेबांना वाकून रामराम करत नसे, सरळ उभा राहून नमस्कार करी. बडेबाबूंना ते खटके. मला खटकत नसे. पण सगळे त्याला ‘तू’ म्हणत म्हणून मीही ‘तू’ म्हणत असे, आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटत नव्हतं.

मी सायकलवरून पोचलो तेव्हा त्याने सगळं सामान बाहेर काढून धुऊन व्हरांड्यात मांडलं होतं. सहा खुर्च्या एका ओळीत, चार बादल्या पालथ्या, पाच कंदील काचा पुसून. आणि प्रत्येक वस्तूच्या मागे खडूने आकडा टाकलेला, म्हणजे मोजताना मी चुकू नये.

“एवढं कशाला केलंस?” मी म्हटलं.

“बाबू, हे माही शेवटची मोजनी. जूनमधी मी सुटतो. हे सामान दुसऱ्याच्या हवाली केलं का मंग मले कागद भेटते, सारं बरोबर हाय म्हून. तवा नीट लिवजा.”

“कागद काय, मिळेलच.”

“भेटन. पन आमच्या वस्तीतून सरकारी नोकरीत गेलेला पयला मानूस मी. सुटून येनाराबी पयलाच. तिथं पयले कागदच इचारतीन. आमच्यावाल्याले तं जरा जास्तच इचारतात.”

मी मान हलवली आणि वही काढली. तो माझ्या खांद्यावरून बघत उभा राहिला.

“खुर्चीपाशी काय लिवून राह्यले?”

“खुर्ची कशी आहे ते.”

“कशी हाय म्हंजे? खुर्ची हाय.”

खुर्चीविषयीचं सगळं ज्ञान त्या उत्तरात आलं होतं. पण ते मराठीत होतं, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

मागच्या वर्षीच्या यादीत एक ओळ होती : लाकडी खुर्च्या, ऑर्डिनरी, नग सहा. मी त्या ओळीच्या सहा ओळी केल्या. पहिली खुर्ची ऑर्डिनरी ठेवली, जुन्या कारकुनाचा मान म्हणून. दुसरी प्लेन, तिसरी कॉमन, चौथी युज्वल, पाचवी कॉमनप्लेस. सहाव्या खुर्चीशी माझी प्रतिभा जरा अडली. मग नॉनडिस्क्रिप्ट हा शब्द आठवला, म्हणजे जिचं वर्णन करावं असं काही नाही अशी. वर्णनाच्या रकान्यात ‘वर्णन करण्यासारखं काही नाही’ असं लिहून त्यावर खूष होणारा माणूस सरकारी नोकरीत दुसरा नसेल. कंदिलांना मी मिडलिंग, टॉलरेबल, पॅसेबल असे ‘बरा, चालेल’ अर्थाचे शब्द वाटले. एका बादलीला हमड्रम, म्हणजे कंटाळवाणी, म्हटलं. बादलीवर बोटं वाजवली तर तसाच आवाज येईल असं मला वाटलं होतं.

संध्याकाळी खोलीवर ती यादी मी मोठ्याने दोनदा वाचली. ऐकायला कोणी नव्हतं, तरी वाचली.

दुसऱ्या दिवशी बडेबाबूंनी सहीसाठी पानं उलटली. “यंदा लई लांब झाली बे यादी.”

“तपशील दिला जरा.”

“हव,” म्हणाले आणि सही केली. ऊन होतं. साहेबांनीही केली. त्यांनाही ऊनच होतं.

जूनमध्ये वर्ध्याहून खलिता आला. बडेबाबूंनी तो पहिल्यांदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि माझ्याकडे सरकवला. मतलब असा : मागील वर्षी सदर बंगल्यात ऑर्डिनरी खुर्च्या सहा होत्या, यंदा एकच दिसते, उरलेल्या पाच कुठे गेल्या? तसंच प्लेन, कॉमन, युज्वल इत्यादी प्रकारच्या पाच खुर्च्या कोणाच्या परवानगीने आणि कुठून आल्या? चौकीदाराने चांगलं सामान बदलून हलकं आणून ठेवलं आहे काय, याचा खुलासा व्हावा. कंदील आणि बादल्यांबद्दलही तेच. खुलासा मंजूर होईपर्यंत चौकीदारास सेवामुक्तीचा दाखला देऊ नये.

त्यांचंही फार चुकलं असं मला आज वाटत नाही. वर्ध्याला बसलेल्या माणसापुढे दोन याद्या होत्या. खुर्च्या त्याच्यापुढे नव्हत्या. चूक एकाच गोष्टीत होती : सामान बदललं म्हणजे ते चौकीदारानेच, हे त्याला विचारही न करता सुचलं होतं.

त्याच वेळी उठून ‘हे मी केलं’ असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. बडेबाबू मला म्हणाले, “तूच लिहिलं, तूच निस्तर,” आणि ते मला बरंच वाटलं, कारण निस्तरणं म्हणजे आणखी एक इंग्रजी पत्र लिहिणं. पत्र लिहून मी सुटेन अशी माझी समजूत होती. मी लिहिलं की ही सर्व विशेषणं सर्वसामान्य अर्थाने वापरली आहेत. मला इथे थांबता आलं असतं. पण पत्रात ऑर्डिनरी हा शब्द दोनदा यायला लागला, तेव्हा दुसऱ्यांदा मी ‘रन ऑफ द मिल’ घातलं. इंग्रजीत त्याचाही अर्थ नेहमीचं, साधं एवढाच. बावीस दिवसांनी उत्तर आलं : पुलगावच्या कापड मिलशी या खुर्च्यांचा संबंध काय, मिलला सरकारी खुर्च्या दिल्या आहेत काय, तेही कळवावं.

इथे लोक सर्वांत जास्त हसतात.

जून संपला. चौकीदार कागदोपत्री सुटला आणि प्रत्यक्षात अडकला. त्याच्या जागी आलेला नवा माणूस व्हरांड्यात झोपू लागला, कारण सामान त्याच्या हवाली करता येत नव्हतं आणि सामान हवाली झाल्याशिवाय मागची खोली रिकामी होत नव्हती. चौकीदाराची बायको भांडीकुंडी बांधून आधीच गावी गेली होती. हा एकटा त्या खोलीत राहिला, दोन विटांच्या चुलीवर भाकरी करून. रोज सकाळी सहाही खुर्च्या पुशी. बसत मात्र एकीवरही नसे.

दर आठवड्याला तो ऑफिसात येई, दाराशी उभा राही आणि विचारी, “आला का कागद?” बडेबाबू माझ्याकडे बघत. मी म्हणे, “वर्ध्याला लिहिलंय.” तो जाई. पोळा गेला. दसरा जवळ आला. मी लिहितच होतो, वर्धेकर विचारतच होते. आता मला प्रत्येक पत्राच्या आधी नुसता कंटाळा येई, टाक उचलवत नसे. शब्दांचं ते जाड पुस्तक मी खाटेखाली सरकवून दिलं होतं.

एक दिवस तो आला तेव्हा ऑफिसात मी एकटाच होतो. तो दाराशी थांबला नाही. आत आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

“बाबू, गावाकडून पोरगा आलता. म्हने गावात लोक बोलून राह्यले, का तुह्या बापानं सरकारच्या खुर्च्या इकल्या म्हून सरकारनं त्याले धरून ठेवलं.”

मी टाक खाली ठेवला.

“पोराची सोयरीक जमत आली होती. तेबी लोक थांबून पाहून राह्यले. मी त्याले सांगतलं, का खुर्च्या सहा होत्या, सहा हायेत. तो म्हन्ला, मंग अडलं काऊन? मले सांगता नाई आलं. तुमीच सांगा. अडलं काऊन?”

“मी यादीत शब्द वेगळे लिहिले.”

“वेगळे काऊन? खुर्च्या तं एकसारख्याच हायेत.”

“एकच शब्द परत परत लिहायचा नाही, असं शाळेत शिकवलं होतं.” मग खरं ते बाहेर आलंच. “आणि मला तेवढे शब्द येतात, ते दाखवायचे होते.”

“कोनाले?”

मी मनात एकेकाला मोजून पाहिलं. बडेबाबू झोपतात, साहेब न वाचता सही करतात, मास्तर वर्ध्याला. कोणालाच नाही.

मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

“हे जे आता बोल्ले,” तो म्हणाला, “हेच साहेबाले लिवून द्या. असंच. इंग्रजीत नसन येत तं मराठीत द्या.”

मी मराठीत लिहिलं. खुर्च्या त्याच आहेत, शब्द वेगळे आहेत, ते मी हौसेने वापरले, चौकीदाराचा यात काडीचा संबंध नाही. अर्धं पानही भरलं नाही. बडेबाबूंनी वाचलं आणि पहिल्यांदाच खुर्चीत ताठ बसले. “नोकरी प्यारी नाई का तुले?” मग स्वतःच जावक नंबर टाकून दिला.

दसरा उलटल्यावर वर्ध्याहून तपासणीला एक साहेब आले. वयस्क, पायाला सूज असलेले, प्रवासाने चिडलेले. डाकबंगल्याच्या व्हरांड्यात खुर्च्या पुन्हा ओळीत मांडल्या होत्या. चौकीदार खांबाशी उभा. साहेबांनी माझी यादी उघडली.

“यातली कॉमन कोणती?”

मी डावीकडून तिसरी दाखवली.

“कॉमनप्लेस?”

मी शेजारची दाखवली.

त्यांनी बंगल्याला एक चक्कर मारली, बादल्या पाहिल्या, परत आले आणि म्हणाले, “आता पुन्हा कॉमन दाखवा.”

मी दाखवली. या वेळी माझं बोट उजवीकडच्या एका खुर्चीवर गेलं होतं. साहेबांनी मान डोलावली, बहुधा अपेक्षा होती तशीच. मग ते त्या सहांपैकी एकीवर बसले आणि बूट सैल केला.

“ही कोणती? मी बसलोय ती?”

“माहीत नाही, साहेब.”

“आणि ही बादली. हमड्रम. का?”

“शब्द चांगला वाटला.”

ते हसले नाहीत. चौकीदाराला त्यांनी विचारलं, “किती वर्षं आहेस इथे?”

“एकोनीस.”

“या खुर्च्या कधीपासून?”

“माह्या आंधीपासून. दोनीचे पाय मीच बसवले, साहेब. त्याचीबी चिठ्ठी असन ऑफिसात.”

साहेबांनी मांडीवर कागद ठेवून तीन ओळी लिहिल्या. माझ्या सर्व्हिस बुकात निष्काळजीपणाबद्दल ताकीद लिहावी, असं बडेबाबूंना सांगितलं. मग टांग्यात बसून स्टेशनला गेले. सगळं मिळून पाऊण तास लागला असेल. त्या पाऊण तासासाठी पाच महिने.

दाखला आठ दिवसांनी आला. तो मी स्वतः घेऊन बंगल्यावर गेलो. खोली झाडून रिकामी केलेली होती. एक ट्रंक, एक वळकटी, दारापाशी चपला. दुपारच्या पॅसेंजरने तो सिंदीला जाणार होता. मी कागद पुढे केला.

“वाचून दाखवा.”

मी वाचला आणि मराठीत सांगितला : अमुक इसम अमुक तारखेस सेवामुक्त, ताब्यातील सामान तपासलं, यादीप्रमाणे बरोबर आढळलं.

“यात मी चोर हाय असं हाय काय?”

“नाही.”

“चोर नाई असं हाय काय?”

मी पुन्हा कागद पाहिला, जणू आता सापडेल. “सरकार असं लिहीत नाही. सामान बरोबर आहे म्हटलं, त्यात सगळं आलं.”

“सरकारले आलं. गावात नाई येत.” तो ट्रंकेवर बसला. “गावात पाच महिने ‘इकल्या’ असं चाल्लं. मी हा कागद दाखोला तं म्हन्तीन, इंग्रजी हाय, काय मालूम काय लिवलं. तुमी लिवून द्या. मराठीत.”

“माझ्या कागदाला शिक्का नाही. किंमत नाही.”

“सोयऱ्याले शिक्का नाई पाह्यजे. त्याले वाचता येते.”

मी खिशातून कागद काढला आणि त्याच्या ट्रंकेच्या कडेवर ठेवून लिहिलं. यांनी बंगल्यातलं काहीही नेलेलं नाही, विकलेलं नाही, बदललेलं नाही. उशीर झाला तो माझ्या चुकीमुळे. मी पुलगावच्या ऑफिसात कारकून आहे. वाचून दाखवलं.

“ ‘माझ्या चुकीमुळे’ म्हंजे कोनती चूक ते नाई लिवलं.”

“यादी चुकीची लिहिली, असं घालू?”

“घाला.”

मी घातलं. त्याने पुन्हा वाचून घेतलं.

“आता खाली नाव. पुरं. बापाच्या नावासगट.”

मी वडिलांचं नाव लिहिताना क्षणभर थांबलो. ते त्याला दिसलं. लिहून झाल्यावर मी म्हटलं, “स्टेशनापर्यंत येतो. ट्रंक सायकलवर ठेवा तुम्ही.”

“नको. नवा मानूस येते संगं.”

तो उठला. दोन्ही कागद त्याने नीट घडी करून एकमेकांवर ठेवले, सरकारी आत, माझा बाहेर, म्हणजे गावात विचारलं की पहिल्यांदा हाच हाती यावा. मग ते ट्रंकेत न ठेवता त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशात घातले, आणि नव्या माणसाला हाक मारून ट्रंकेचं एक कडं त्याच्या हातात दिलं.